ढोलाचा मान

सुदेश बेंगळूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. दिवसभर संगणकासमोर बसायचं आणि संध्याकाळी अमेरिकेतली माणसं जागी झाली की पुन्हा त्यांच्याशी बोलत राहायचं. एवढ्यातूनही वेळ काढून तो खोलीचं दार लावून घ्यायचा, मोबाईलवर ठेका लावायचा आणि मांडीवर उशी घेऊन ढोलाचा हात बसवायचा. ऑफिसात हे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याच्या गावी, बाजारकुणंगला, शिमग्यात खेळे नाचत घरोघर जातात. त्यांच्याबरोबर ढोल वाजवायचा मान सुदेशच्या घराचा. वडील होते तोवर प्रश्नच नव्हता. ते गेले त्या वर्षी सुतकामुळे घरातलं कुणी गेलं नाही. यंदाही कुणी उभं राहिलं नसतं, तर मान शेजारच्या वासूकडे गेला असता. वासू तयारीतच होता.

पहिल्या दिवशी सुदेशनं मांडावर, म्हणजे खेळे जमतात त्या जागी, नारळ ठेवला आणि ढोल गळ्यात घातला. थाप खणखणीत पडली. खेळ्यांतले सगळ्यांत वडीलधारे महाबळेश्वरकाका मान डोलवत म्हणाले, "बापाचाच हात हाय."

पण खेळे शेतात उतरले आणि घोटाळा झाला. बांध अरुंद, मध्येच ढासळलेला. नाचणाऱ्यांची पावलं आखूड पडत, चढाला रेंगाळत. ढोल मात्र आपला एकाच लयीत पुढं धावत होता. त्याला गाठता गाठता नाचणाऱ्यांतल्या लखूचा पाय घसरला आणि तो डोक्यावरच्या फुलांच्या तुऱ्यासकट खालच्या चिखलात बसला.

"का रं सुदेश," वासू मागून ओरडला, "हापिसाची बस चुकतीया व्हय?"

सगळे हसले, लखूसुद्धा. सुदेशचे कान तापले.

"काका, ठेका चुकला काय माझा?"

"ठेका बरोबर हाय. पर तू डोळं मिटून वाजवतोस. तुझा बा सगळ्यांच्या पायाकडं बघायचा."

खुर्चीत बसून शिकताना पुढं कुणाचे पाय नव्हतेच.

"मग आणा ढोल हिकडं," वासू म्हणाला.

"दिस मावळू दे की," काकांनी त्याला गप्प केलं.

त्यानंतर सुदेशनं मान वर केली नाही. पावलं थबकली की हात आवरायचा, सपाटी आली की मोकळा सोडायचा. पुष्कळदा चुकला. वासू प्रत्येक चुकीला तोंडानं च्च करत होता. पण ओहोळाच्या उतारावर तोच हळूच पुढं सरकून म्हणाला, "आता दमानं. शेवाळ हाय."

संध्याकाळी मांडावर परतल्यावर रीतीप्रमाणं ढोल खाली ठेवला गेला. उद्या तो कुणी उचलायचा, हे नाचणाऱ्यांनी सांगायचं असतं. नाचणारे आपापले तुरे सोडत बसले. सुदेश ढोलापासून दूर जाऊन उभा राहिला.

शेवटी लखूनं धोतरावरचा वाळलेला चिखल खरवडला.

"दुपारपास्नं मी काय पडलो न्हाई बाबा," तो म्हणाला.

वासूच आधी हसला. काकांनी ढोल उचलून सुदेशच्या हातात दिला.

"सकाळी लवकर ये. वरच्या वाडीची वाट हिच्यापरीस वंगाळ हाय."