भर हॉलमध्ये सांगितलेली गोळी

ह्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीसाठी निगडीच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा सोबत मी आणि सूनबाई होतो. ह्यांचा उजवा डोळा तरुणपणीच लेथ मशीनवर लोखंडाचा कण उडून अधू झालेला. उरला डावा. तोही गेला तर महाळुंग्यातलं वर्कशॉप, रोजचा पेपर, नातवंडांची तोंडं, सगळंच संपलं असतं.

भरल्या हॉलमध्ये नर्सनं विचारलं, "बाबा, कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"एक बी न्हाई," हे छाती काढून म्हणाले.

मी बघतच राहिले. वर्षभर हा माणूस जेवण झालं की गुपचूप उठून प्रोस्टेटची गोळी घेतो. पाकीट कपाटात, मफलरखाली. का, तर घरात सून आहे, तिला कळलं तर काय वाटेल!

मी उठून उभी राहिले. "घेतात. लघवीची गोळी घेतात. वर्ष झालं."

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. "हसा," मी वळून म्हणाले, "उद्या तुम्हालाही लागेल." सूनबाईनं मान खाली घातली.

ह्यांचा चेहरा लालबुंद. "चार दिस झालं बंद केलीय की! मग खोटं काय बोललो?"

म्हणजे आज खरं बोलता यावं म्हणून ह्या शहाण्यानं गोळीच सोडली होती!

डॉक्टरीणबाईंनी आत बोलावून समजावलं. "बंद करून उपयोग नसतो, बाबा. ह्या गोळीनं बाहुलीभोवतीचा रंगीत भाग ढिला पडतो. ऑपरेशनमध्ये ओल्या फडक्यासारखा हलतो, बाहुली आकसते. आधी कळलं की आम्ही तयारीनं उतरतो. ऐनवेळी कळलं तर डोळ्याला इजा होऊ शकते. आणि मनानं गोळ्या बंद करत जाऊ नका."

रिक्षात हे एकच वाक्य बोलले. "सुनंसमोर अब्रू घालवलीस."

"घालवली. परत वेळ आली तर चाकणच्या चौकात उभी राहून सांगेन," मी म्हणाले. रागानं बोलत होते मी, भीतीनंही. आमची पाळी, आमची बाळंतपणं, दवाखान्यात चारचौघांत विचारतात आणि आम्ही निमूट उत्तरं देतो. मग पुरुषाच्या लघवीचाच एवढा कसला मान?

ऑपरेशन नीट झालं. डोळा निवळल्यावर एका संध्याकाळी, जेवणं उरकताच, सूनबाई उठून थेट कपाटाकडे गेली. मफलरखालून पाकीट काढलं आणि टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं. ती जागा मी तिला कधीच सांगितली नव्हती.

"बाबा, गोळी," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

 ह्यांनी पाकीट उचलून उजेडात धरलं आणि त्यावरचं बारीक अक्षरातलं नाव वाचलं. डाव्या डोळ्यानं, मोठ्यानं, सुनेसमोर.