पेजेच्या टोपावरचा इंग्रज

माझ्या आईला शेवटच्या आजारात एका इंग्रजाने जगवलं, आणि त्या इंग्रजाला मी पेजेच्या टोपावर झाकण म्हणून ठेवला.

गिरणी बंद पडल्यावर आम्ही बोरिवलीच्या चाळीत राहायला आलो, तेव्हाची ही गोष्ट. ऐंशी सालानंतरची. नक्की साल विचारू नका. मी चौथी नापास आहे. पण वाचता येतं, सही करता येते आणि पखवाज वाजवता येतो. गाता येतं की नाही यावर दोन मतं आहेत. त्यातलं एक माझं.

आईचं मत मालवणीत होतं. मी भजनाला निघालो की ती दारातून सांगायची, "झिला, व्हयो तेवढो पखवाज वाजय, पण तोंड उघडू नको." (मला वाटायचं, नजर लागेल म्हणून सांगते.)

तर त्या वर्षी तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे तेवढे राहिले, आणि त्या डोळ्यांनी ती पूर्वीइतकंच बोलायची. जेवण मात्र सोडल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, "पोटात काहीतरी जायला हवं. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

मी म्हटलं, तुमच्या नसेल, माझ्या हातात पखवाज आहे. रोज पेजेच्या वेळी खाटेजवळ बसून वाजवायला लागलो. आई भिंतीकडे तोंड फिरवायची.

"बघ, तल्लीन झाली," मी बायकोला सांगायचो.

"दात आवळलेत त्यांनी. चमचा आत जात नाही," बायको म्हणायची.

आमची मुलगी सुलू तेव्हा अंधेरीला पॅकिंगच्या कारखान्यात होती. तिथे तिच्या शेजारच्या टेबलावर गोराईची फिलू. फिलूचा भाऊ बोटीवर कामाला. त्याने विलायतेहून एक रेकॉर्ड आणली होती. बशीएवढी, दोन्ही बाजूंना एकेकच गाणं. सुलूने ती चार दिवसांसाठी मागून आणली आणि एका रविवारी आमच्या जुन्या प्लेअरवर लावली.

कोणीतरी तरुण इंग्रज होता. मागे गिटार, ढोल, आणि हा मधेच असा ओरडायचा की दारात बोट चेमटलंय जणू. मी बंद कर म्हणायला उठलो, तेवढ्यात बायकोने हात धरला.

आईच्या डाव्या हाताची बोटं खाटेच्या लाकडावर ठेका धरत होती. आणि तोंड उघडं होतं. बायकोने चमचा घातला. गेला. दुसरा घातला. गेला. तीनदा रेकॉर्ड वाजली आणि वाटी रिकामी झाली.

"भूक लागली असेल," मी म्हणालो.

संध्याकाळी पखवाज वाजवला. दात आवळलेले. सुलूने रेकॉर्ड लावली. तोंड उघडलं. चार दिवसांची रेकॉर्ड आमच्याकडे दोन महिने राहिली. आईच्या गालांवर थोडं मांस आलं. चाळीतल्या बायका बघायला यायच्या आणि जाताना माझ्याकडे बघायच्या.

माणसाने किती सोसायचं? तीस वर्षं पखवाज वाजवतोय. जिने जन्म दिला ती तोंड फिरवते, आणि कुठल्या कोण पोराला, ज्याच्या आईला हिने बघितलं नाही, त्याच्यासाठी आ करते! तरी गप्प होतो. पण एका एकादशीला आमचं भजनी मंडळ मुद्दाम आमच्या खोलीत बसवलं. बुवा गात होते, मी जीव तोडून वाजवत होतो. बायको वाटी घेऊन बसली. आईने डोळेसुद्धा मिटून घेतले. अर्धा तास झाला. शेवटी सुलू उठली, आणि सगळ्या मंडळासमोर तो इंग्रज लावला.

आई जेवली. बुवांनी टाळ पिशवीत घातले. जाताना म्हणाले, "पुढच्या गुरुवारी तुम्ही नाही आलात तरी चालेल. आईकडे बघा."

दुसऱ्या दिवशी सुलू कामावर, बायको रेशनच्या रांगेत. पेज मी करत होतो. टोपाचं झाकण सापडलं नाही, असं मी वीस वर्षं सांगत आलोय. झाकण माझ्या हातात होतं. ते खाली ठेवलं आणि टोपावर रेकॉर्ड ठेवली. मनात म्हटलं, आईला जेवायला घालतोस ना, मग घाल नीट. वाफेला मधोमध भोक पण आहे. अंगणात जाऊन विडी ओढली. परत आलो तेव्हा इंग्रज वितळून टोपात वाकला होता. बाहेर काढला तर झकास वाडगा तयार.

बायको आली. वाडग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मन शांत झालं?" तिने विचारलं.

दुपारी आईने तोंड उघडलं नाही. संध्याकाळी नाही. सुलूने कोणाकडून तरी दुसरी इंग्रजी गाणी आणून लावली. रेडिओ लावला. दात आवळलेले. दुकानांत चौकशी केली, ती रेकॉर्ड कुठेच नव्हती. तीन दिवस नुसतं पाणी, ते पण कापसाने. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला दाराबाहेर नेलं आणि म्हणाले, "गावच्या लोकांना कळवायचं असेल तर कळवून टाका."

सुलू माझ्याशी बोलत नव्हती. त्या दिवशी बोलली. "बाबा, आजी तुमच्या हट्टापायी उपाशी मरतेय."

मी वाडगा पिशवीत घातला आणि होडीने खाडी ओलांडून गोराईला गेलो. फिलूचा बाप आंद्रू अंगणात जाळं शिवत होता. लग्नाच्या बँडमध्ये गायचा पण. मी वाडगा त्याच्या पुढ्यात ठेवला आणि जे झालं ते सांगितलं. जन्मात पहिल्यांदा मी कोणाला खरं कारण सांगितलं असेल.

त्याने वाडगा फिरवून फिरवून बघितला. "भोक पडलंय. नाहीतर मीठ ठेवलं असतं."

"दुसरी मिळेल?"

"पोरगा येल नाताळाला."

"तेवढा वेळ नाहीये माझ्याकडे."

त्याने जाळं खाली ठेवलं. "माला येतं ना ते गाणं. मी येतू तुझ्या घरी. गातू."

आता शहाणा माणूस हो म्हणाला असता. मी म्हणालो, "माझ्या आईला भरवायला बँडवाला नको. मला शिकव."

दिवस मावळेपर्यंत शिकवलं. मी भजनाच्या वहीत, अभंगांच्या मागच्या पानावर, पखवाजाचे बोल लिहावेत तसे ते इंग्रजी शब्द मराठीत लिहून घेतले.

"पण म्हणतोय काय तो?" मी विचारलं.

"बाय सोरून गेली. हा बोलतो, परत ये."

"मग?"

"मग काय? चार वेळा बोलतो."

"एवढ्यासाठी माझी आई जेवते?"

"तुझी आई इंग्रजी समजते काय? ढोल ऐकते ती," आंद्रू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या खाटेजवळ पखवाज घेऊन बसलो. खोलीच्या दारात अख्खी चाळ. वही समोर खाटेच्या कडेला टेकवली आणि गायला सुरुवात केली. पोरं हसली, त्यांना बायकोने हाकललं. मी डोळे वहीतून काढले नाहीत. पहिलं 'परत ये' आलं तेव्हा माझाच आवाज फाटला.

आणि आईने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. अर्धं तोंड हललं, वाकडं झालं. ती हसत होती की काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मग तिने आ केला.

तीनदा रेकॉर्ड लावून जी वाटी संपायची, ती दुसरं कडवं यायच्या आत रिकामी! वाटी संपली की गाणं बंद, असा नियमच पडला. तीन वेळा पेज, तीन वेळा मी. दिवसागणिक आई आणखी भराभर गिळायची. मी नाक्यावर सगळ्यांना सांगत सुटलो, "विलायतेच्या गायकाला पंधरा मिनिटं लागायची. मला चार."

असे पाच आठवडे गेले. एका दुपारी वाटी संपली, मी थांबलो, आणि आई पण थांबली. बायकोने तिच्या ओठांवरची पेज पदराने पुसली. मी वही मिटली.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. समोरच्या झाडावर सात-आठ कावळे. एक हलेना. मी हात जोडून म्हटलं, "सुलूचं लग्न तिच्या मनासारखं करीन." हललं नाही कोणी. बायको म्हणाली, "आई, घरातलं सगळं नीट सांभाळीन." नाही. मी म्हटलं, "दारू सोडतो." एक कावळा उडाला आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला.

ऊन चढलं. भटजी म्हणाले, "काहीतरी अडकलंय हो त्यांचं. आठवून बघा."

मला एकदम उमगलं. पुढे झालो, घसा साफ केला, आणि आईचं ते इंग्रजी गाणं म्हटलं. रडत म्हटलं, पण पूर्ण म्हटलं. चार वेळा परत ये म्हटलं. डोळे उघडले तेव्हा झाड रिकामं होतं. कावळे खाडीच्या पलीकडे गेले होते.

मग सुलू पुढे आली. दोन्ही हात जोडले. "आजी," ती हळू म्हणाली, "बाबा परत कधी गाणार..."

'नाहीत' म्हणायच्या आत कावळा पिंडावर होता.

तेव्हापासून मी गायलो नाही. वाडगा अजून आहे, त्यात विड्या ठेवतो. आणि आई ती पेज एवढ्या भराभर का संपवायची, ते मला त्या दिवशी खाडीकाठी, भटजींच्या देखत कळलं.