मनकर्णाबाईच्या हाताचा गुण

डोळ्यात काही गेलं की गावातली माणसं आधी मनकर्णाबाईकडे येत. समुद्रपूर तालुक्यातल्या त्या गावात डोळ्यात जाण्यासारख्या गोष्टींना तोटा नव्हता. तुरीचं कुटार होतं, सोयाबीनचं भूस होतं, थ्रेशरची धूळ तर सगळ्यांचीच होती. मनकर्णाबाई पदराच्या टोकाची बारीक वात करायची, पापणी उलटवायची आणि कण अलगद काढायची. त्याबद्दल काही घ्यायची नाही. घेतलं की हाताचा गुण जातो, असं तिची सासू सांगून गेली होती. गुण कशाकशानं जातो याविषयी सासूची माहिती अपुरी होती, हे पुढे कळलं.

मनकर्णाबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला थेंबांची एक बाटली मिळाली. डोळ्याची लाली बघता बघता उतरली. औषध तिला मनापासून पटलं. संपल्यावर तिनं रिकामी बाटली मेडिकलवाल्याला दाखवली. त्यानं काही न विचारता भरलेली दिली. तेव्हापासून कण काढल्यावर दोन थेंब टाकायचे, असा रिवाज पडला. परंपरा आणि विज्ञानाचा संगम एरवी भाषणात होतो. इथे तो ओसरीवर होत होता.

"आई, ते तुमच्या ऑपरेशनचं औषध व्हय," सून रक्षा म्हणाली. "सगळ्याइले काऊन टाकून राह्यल्या?"

"डोळा तं डोळाच असते न वं."

फेब्रुवारीत तिचा धाकटा दीर रूपराव शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटत होता. एक काडी सपकन डाव्या डोळ्याला लागली. तो थेट वहिनीकडे आला. डोळ्यात काही सापडलं नाही, नुसती लाली होती. तिनं थेंब टाकले, बाटलीही त्याच्या हाती दिली. लाली गेली. रूपरावनं ही बातमी पानठेल्यापर्यंत पोचवली.

मग डोळा दुखायला लागला. बुबुळावर पांढरा ठिपका आला.

"फूल पडून राह्यलं वाटते, भाऊजी," ती म्हणाली, आणि थेंब वाढवले.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात गेले तोवर ठिपक्यानं निम्मं बुबुळ व्यापलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते खरवडून तपासलं.

"बुरशी आहे. काडीवरून आत गेली."

"बुरशी लोणच्याले येते, बाई," मनकर्णाबाई म्हणाली.

"डोळ्यालाही येते. शेतात राबणाऱ्यांना तर फार. देशात अशांची धड मोजदादही नाही." डॉक्टरीणबाईंनी रूपरावनं सोबत आणलेली बाटली उचलली. "हे कुणी दिलं? यानं लाली मरते, बुरशी नाही. तिला उलट रान मोकळं होतं."

मनकर्णाबाईचे ओठ हलले, पण रूपराव आधी बोलला. "मेडिकलवाल्यानं."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

पुढे तासातासाला नवं औषध घालूनही डोळा गेला. रूपरावनं तिला कधी बोल लावला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मनकर्णाबाईला जेवण गेलं असतं. तिनं बाटली चुलीत टाकली; लोक आले की त्यांना दवाखान्यात जायला सांगू लागली. म्हातारी माजली, असं लोक म्हणाले.

दिवाळीनंतर सोयाबीन काढताना रूपरावच्या उरलेल्या डोळ्यात भूस गेलं. तो चाचपडत ओसरीवर आला आणि पापणी वर करून बसला.

"काढा न, वयनी."

तिनं सवयीनं पदर हातात घेतला आणि सोडून दिला. "चोळू नका. उठा, यष्टी येते आता."

"कुसळासाठी वर्धा? तुमच्या हाताले गुण आहे."

"उठा म्हणते न भाऊजी."

तिनं त्याला हाताला धरून बसमध्ये चढवलं. वाटेत जाम गावाच्या अलीकडेच डोळ्यातल्या पाण्यासोबत भूस आपसूक बाहेर आलं. रूपराव हसला. "पाहा वयनी. तुमी नुसत्या जवळ बसल्या न, निघालं."

ती उतरली नाही, त्यालाही उतरू दिलं नाही. ती त्याच्या डाव्या बाजूला बसली होती. तिकडून त्याला ती दिसत नव्हती, तेवढं बरं होतं.