शिट्टीवाल्या मावशीचा कावळा

माझ्या बायकोने आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नाही, पण हिंगोलीत आमच्या कॉलनीच्या मैदानावर शिट्टी वाजायची ती तिचीच. गळ्यात मंगळसूत्र, त्यालाच अडकवलेली लाल प्लास्टिकची शिट्टी. पोरं तिला ‘शिट्टीवाली मौसी’ म्हणायची. आता ती नाही आणि मैदानाला काटेरी तार आहे. मला गोड लिहिता येत नाही, आज तर मुळीच नाही.

पोरं मोंढ्याच्या बाजारातल्या हमालांची, वीटभट्टीवरच्या मजुरांची. कुणी बिहारकडचं, कुणी मध्य प्रदेशातलं, कुणी तांड्यावरचं. पत्र्याच्या एका खोलीत सगळं घर. मिसरूड फुटलेल्या पोरानं संध्याकाळी जावं कुठं? चौकात थांबलं की पोलीस हटकतो, ओट्यावर टेकलं की आमचेच लोक हाकलतात.

तिचा कायदा एकच. एका गावची दोघं एका बाजूला नाहीत. आधी बिहारी एकीकडे, तांड्याची एकीकडे अशी उभी राहायची आणि खेळाची मारामारी व्हायची. ही पदर खोचून मधे घुसायची. “गाव घरी ठेवून या की रे मुडद्यांनो! इथं काहून आणलं?”

बिहारकडचा बबलू एकदा तांड्यावरच्या पोराकडे बोट दाखवून म्हणाला, “मौसी, इसकी बोली समझ में नहीं आती.”

“मग पास दे. पास तर समजतो ना त्याला?”

हळदीच्या हंगामात पोरं बापासोबत पोती उचलून पिवळीधम्मक होऊन यायची. “आले बघा नवरदेव! वऱ्हाड कुठं ठेवलं रे?” पोरं लाजायची आणि दुप्पट पळायची.

गेल्या उन्हाळ्यात कॉलनीच्या अध्यक्षाने मैदानाला तार ठोकली. म्हणे, बाहेरच्या पोरांनी वातावरण बिघडतं. ज्याच्या बंगल्याच्या विटा ह्याच पोरांच्या बापांनी डोक्यावर वाहिल्या, तो म्हणतो बाहेरची! म्हातारी रोज त्याच्या दारात. “तार काढ, बाबा.” तो म्हणायचा, “बघू, काकू.” त्याचं बघणं संपलं नाही. ही पावसाळ्यात तापाने गेली.

दहाव्याला कयाधू नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. गेलेल्याची इच्छा अडली की तो शिवत नाही. नातेवाईक हात जोडून बोलू लागले, “म्हाताऱ्याला सांभाळू”, “नातीचं लग्न थाटात करू.” कावळा फांदीवरून हलेना. पोरं लांब, बाभळीखाली उभी होती. अध्यक्षही आला होता, पांढऱ्याशुभ्र कपड्यात.

मी म्हणालो, “तू बोल. तार काढतो म्हण.”

“काका, ही काय जागा आहे का हे बोलायची?”

“हीच हाय. दुसरी जागा तू ठेवलीच न्हाई.”

तो पांढऱ्या बाहीवरची धूळ झटकत मागे सरकला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि लोक जेवायला उठले.

मी उठलो नाही. गवताचा कावळा तुम्हाला चालत असेल, मला चालत नाही. शिट्टी माझ्या खिशात आहे, तार जागेवर आहे. ती निघेपर्यंत माझ्या बायकोचा दहावा झाला, असं कुणी माझ्या तोंडावर म्हणू नये.