पोरगी पानी पिते का?

ती घटना आठवली की आजही पाण्याचा ग्लास तोंडाकडे नेताना माझा हात क्षणभर थांबतो. तेव्हा मी सालेकसा भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. धान नुकतंच निसवलं होतं, लोंब्या दिसू लागल्या होत्या. सणांचे बंदोबस्त संपले होते आणि ठाण्यात जरा निवांतपणा होता.

सकाळची हजेरी घेत असताना बीट हवालदारांना जंगलाकडच्या एका गावातून फोन आला. बोलणारा नाव सांगायला तयार नव्हता. "नवऱ्यानं बाईले बांधून ठेवलं होतं. लय वरडे ते. आता मेली तं मयत घाईघाईनं काढून राहिले."

आम्ही पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. मी ती उचलू दिली नाही. बाई तिशीच्या आतबाहेरची. दोन्ही मनगटांवर दोराचे वळ, कपाळाच्या बाजूला मोठं टेंगूळ. नवरा दुसऱ्याची शेती ठेक्याने घेऊन धान करणारा साधा माणूस, पण त्याच्या हातावर दातांच्या ताज्या खुणा होत्या. पंचनामा लिहिता लिहिता हवालदार म्हणाले, "साहेब, यात आता शोधायचं काय राहिलं?" मलाही तसंच वाटलं. बाईच्या भावाने फिर्याद दिली, खुनाचा गुन्हा दाखल झाला, नवऱ्याला अटक झाली. त्यांच्या लहान मुलीला आईकडचे आजी-आजोबा तिरोड्याकडच्या आपल्या गावी घेऊन गेले.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची मात्र खात्री होत नव्हती. डोक्याला लागलं होतं, पण त्यानेच मृत्यू झाला असं लिहून द्यायला ते तयार नव्हते. त्यांनी व्हिसेरा रासायनिक तपासणीला दिला आणि मेंदू फॉर्मॅलिनच्या बरणीत सील करून नागपूरच्या एका रुग्णालयाच्या न्यूरोपॅथॉलॉजी प्रयोगशाळेत पाठवायला सांगितला. नुसता मेंदू तपासणारी प्रयोगशाळा असते, हे आमच्यातल्या निम्म्यांना तेव्हाच कळलं. आमचा शिपाई ती बरणी पिशवीत घालून, मांडीवर धरून गाडीने नागपूरला गेला. शेजारच्या प्रवाशाने "अचार है क्या?" असं विचारलं. बिचाऱ्याने त्यानंतर कित्येक दिवस लोणचं तोंडाला लावलं नाही.

इकडे कोठडीत आरोपी बोलेना. मी बरेच आरोपी पाहिलेत. खोटं बोलणारा जास्त बोलतो, घाबरलेला अर्धवट बोलतो. हा काहीच बोलत नव्हता. बायकोला बांधलंस का? मान हलवून हो. मारलंस का? मान हलवून नाही. मग बांधलंस काऊन, असं विचारलं की झालं, नजर जमिनीला. दवाखान्यात का नेलं नाहीस, या प्रश्नालाही तेच. फक्त कोठडीतून बाहेर काढलं की तो प्रत्येक वेळी एकच विचारायचा, "साहेब, पोरगी पानी पिते का?"

मला त्या प्रश्नाची चीड यायची. आईविना झालेल्या लेकराचं नाव पुढे करून हा दया मागतोय, असं मी धरून चाललो होतो. "पिते, जेवते, तुझी आठवणसुद्धा काढत नाही," असं हवालदार ठणकावून सांगायचे. त्यावर तो चक्क हात जोडायचा.

पोलीस कोठडी संपत आली असताना नागपूरहून फोन आला. प्रयोगशाळेच्या डॉक्टर बाई स्वतः बोलत होत्या. अख्खा मेंदू कापण्याजोगा पक्का व्हायला वेळ लागतो. पण शवविच्छेदनाच्या टिपणात वळ आणि चावा हे शब्द वाचून त्यांना संशय आला होता, म्हणून त्यांनी काही भागांचे छोटे तुकडे आधीच काढून तपासले होते. "माराचा रक्तस्राव कुठेही नाही. पेशींमध्ये रेबीजच्या खुणा आहेत. अहवाल मागाहून येईल. त्या घरात आणखी कोणाला कुत्रं चावलंय का, ते आधी शोधा."

फोन ठेवला आणि तो रोजचा प्रश्न माझ्या कानात वाजला. पाणी. रेबीज झालेला माणूस पाण्यालाच घाबरतो.

त्याला बाहेर आणलं. मी विचारलं, "तुझ्या बायकोला कुत्रं चावलं होतं ना?"

त्याने दोन्ही हात कानांवर दाबले. "बोलू नोका साहेब! नाव काढू नोका! औषध तुटते जी!"

"पोरीलाही चावलंय?"

तो मटकन खाली बसला. रडता रडता त्याने मान हलवली.

मग थोडं थोडं करून कळलं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावर कुत्रं पोरीच्या पोटरीला चावलं. सोडवायला गेलेल्या आईच्या हाताचा त्याने लचका तोडला. पलीकडच्या गावात चाव्याचं औषध देणारा एक म्हातारा होता. त्याने दोघींना गुळात मुळी दिली आणि पथ्य सांगितलं, की धान घरी येईपर्यंत घरातल्या कोणी चाव्याचं नाव काढायचं नाही. काढलं की औषध तुटतं. दवाखान्यात गेलं तर पहिला प्रश्न तोच होणार, म्हणून दवाखाना बंद. पुढे बायको चावायला, भिंतीवर डोकं आपटायला लागली, तेव्हा त्याने तिला बांधलं.

"तिच्या तोंडातून तापात निघून गेलं साहेब, कुत्रा कुत्रा करून. म्हनून ते गेली. मी बोललो असतो तं पोरगी गेली असती."

बायकोच्या खुनाचा आळ त्याने मुकाट सोसला होता, तो यासाठी.

आम्ही तडक तिरोड्याकडे निघालो. मुलगी अंगणात बसली होती. मी आजीला पाणी आणायला सांगितलं. ग्लास पुढे केला तर पोरीने तोंड फिरवलं. "मले नाही पायजे."

मी टोपी काढून खाली बसलो, तो ग्लास स्वतः प्यायलो आणि आजीला पुन्हा भरायला लावला. पोरीने माझ्याकडे पाहिलं, मग ग्लास घेतला आणि घटाघट संपवला. ती वर्दीला घाबरली होती, एवढंच. मी तिथेच रडलो. पोटरीवरचा वण पाहून तिला लगेच रुग्णालयात नेलं, लस आणि सिरम सुरू झालं. आईने चावा घेतलेल्या तिच्या बापाला आणि प्रेताला हात लावलेल्या सर्वांनाही लस दिली. लेखी अहवाल आला आणि न्यायालयाने त्याला मोकळं केलं. औषध देणाऱ्या म्हाताऱ्यावर गुन्हा नोंदवला. त्याच्या औषधावर भरवसा ठेवून गेलेले आधीचे किती, ते कळायला मार्ग नव्हता.

गप्प बसलेला माणूस काय लपवतो, हेच मी नोकरीभर शोधत आलो होतो. कोणासाठी लपवतो, हेही विचारावं लागतं, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. बरणीतल्या मेंदूने जे सांगितलं, ते त्या बापाचा प्रश्न नीट ऐकला असता तर मला आधी कळलं असतं.

मळणी आटोपल्यावर तो मुलीला घेऊन ठाण्यात आला. लस सुरू होऊन बरेच दिवस झाले होते, डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं होतं. त्याने मात्र त्या दिवसानंतर चाव्याचं नाव पुन्हा काढलं नव्हतं. बाकावर बसला आणि म्हणाला, "धान घरी आलं साहेब. आता बोलू का?"

मी हो म्हणालो. मग तो बायकोबद्दल बोलला, तिला बांधताना ती काय म्हणत होती तेही सांगितलं, आणि तिच्यासाठी पहिल्यांदा मोठ्याने रडला. पोरगी व्हरांड्यातल्या माठातून पाणी घेऊन पीत होती.