सारवणारा हात

पंचाहत्तर साल असावं. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या हॉलमध्ये आधुनिक चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. मी तिथला कारकून, अभिप्रायाची वही घेऊन दाराशी बसलो होतो. समोर भिंतभर एकच मातकट चित्र, नुसते फराटे. येणारा प्रत्येक प्राध्यापक मलाच विचारायचा, "याचा अर्थ काय हो?" मी पार वैतागलो होतो.

दुपारी शेतावर खुरपायला येणारी एक बाई दारातल्या माठातलं पाणी प्यायला आली आणि सरळ आत शिरली. मी हटकणार, तोच ती त्या चित्रापुढं उभी राहिली. पदर खोचून, हवेत हात फिरवत, एकेका फराट्यासरशी ती मागं मागं सरकू लागली, घर सारवताना बाया सरकतात तशी. एका कोपऱ्यापाशी तिचा हात थबकला.

"डावखुरा हाय ह्यो माणूस," ती म्हणाली. "उजव्या हाताचा फराटा असा वळत न्हाई. आन् हितं लय दमला बगा. हात टेकलाय, मग पुन्ना उठलाय."

मी हसलो. ती कामावर निघून गेली.

संध्याकाळी चित्रकार आला. मी गंमत म्हणून तिचं बोलणं सांगितलं, तर तो थेट त्या कोपऱ्यापाशी गेला.

"तेव्हा अंगात ताप होता माझ्या," तो म्हणाला. "वहीत काय लिहिलंय त्या बाईंनी?"

आणि डाव्या हातानं तो वहीची पानं उलटू लागला. ती वही तिच्यापुढं धरावी, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.