सरांना दिलेली वही

आमच्या गावच्या शाळेतल्या सरांनी माझ्या आईची गाणी स्वतःच्या नावावर छापून तिला फसवलं. गाण्यांची वही त्यांच्या हातात दिली ती मी.

तुमसर रोड स्टेशनावर आई मला सोडायला आली होती. सरही आले होते. पुण्यातल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मला लावून घ्या, अशी चिठ्ठी त्यांच्या खिशात होती. "तुह्या मायची वही वाचाले आनजो," असं ते आदल्या दिवशीच म्हणाले होते. मी आईला न विचारता तिच्या पेटीतून वही काढली आणि फलाटावर चिठ्ठी घेऊन वही दिली. आईने पाहिलं. "पोचला का फोन करजो," एवढंच म्हणाली.

आज मी पुण्यात जुन्या लेथ मशीन घेतो-विकतो. समोरच्याचा चहा संपायच्या आत मला कळतं, हा माणूस किती खाली येणार. त्या दिवशी मी काय देतोय तेच मला कळलं नव्हतं.

आई चौथी शिकलेली. अडलेल्या बाळंतिणीला तुमसरच्या दवाखान्यात न्यायचं, पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या दारात चार बायका घेऊन बसायचं आणि घरी येऊन आम्हा तिघा भावंडांसाठी भात रांधायचा. गाणी तिला रोवणीत, भाताची रोपं लावताना, सुचत. ती एक ओळ टाकायची, चिखलात वाकलेल्या बायका ती उचलायच्या. गाण्याच्या शेवटी लोक स्वतःचं नाव गुंफतात. आई मात्र ज्या बाईच्या शेतात रोवणी चाले, तिचं नाव गुंफायची. त्यावरूनही भांडणं. शेजारची शेवंताकाकू बांधावरून ओरडायची, "माह्या बांधीत आली तं माह्यंच नाव घाल वो! मागच्या खेपेले त्या सखूचं घातलं, तिची तं कंबरबी वाकत नाही!"

आईचं नाव एकाही गाण्यात नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर मी मंडईच्या जत्रेसाठी गावी गेलो, तेव्हा सरांचं पुस्तक हाती आलं. शेवंताकाकूच्या जागी सरांचं नाव होतं. चाल मोडत होती, तरी कोंबलं होतं.

मी तडक त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते. म्हणाले, "म्या जपलं म्हणून उरलं. नाही तं उंदरानं खाल्लं असतं. अन् तुले पुण्याले कोनं लावलं रे?"

मी तोंडात येईल ते बोललो, त्यांची तिपाई लाथेने उडवली. वही मागितली, तर म्हणाले, सापडत नाही.

घरी आई म्हणाली, "कायले भांडून राहिला बापू? बाया म्हणून राहिल्या ना गाणं?" मग तिने स्वतःच एक गाणं धरलं आणि दोन ओळींवर अडकली. अलीकडे तिचं असं होतं. "पुढचं वहीत आहे," ती म्हणाली. "आनली का?"

आता ती पुण्यात माझ्याकडे असते, नवव्या मजल्यावर. मी तिला नवी वही आणून दिली. ती दोन ओळी लिहिते, उरलेलं पान कोरं ठेवते आणि पुढच्या पानावर दुसरं गाणं सुरू करते. कोणी घर कुठलं विचारलं की मी अजून गावाचंच नाव सांगतो. माझ्यासारखेच गाव सोडून गेलेलेही तेच सांगत असतील. पण जिथे माझ्या आईचे शब्द दुसऱ्याच्या पुस्तकात निमूट वाचले जातात, त्या गावाला घर म्हणताना जीभ अडखळते. गावातल्या बायांनो, तुम्ही सगळ्या आईसोबत रोवणीत होतात. एकीनेही सरांना अडवलं नाही. काहून?

आणि सर, चिठ्ठीचे उपकार माझ्यावर आहेत, ते मी नाकारत नाही. पण सौदा तुमचा-माझा होता. आईने तुमच्याकडून काहीच घेतलं नव्हतं. तिला अजून स्वतःचं अक्षर ओळखू येतं आहे, तोवर सांगा, वही कुठे आहे?